मारबतीच्या गर्दीतला मधूदादाचा आवाज

मंडळी, आधीच सांगून टाकते... मी भूतबित मानत नाही. अजिबात नाही! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. चिंचेवरची हडळ, विहिरीतली बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारी पांढरी साडी — यातलं कोणी मला कधी भेटलं नाही. भेटली असती तर मी तिला आधी समोर बसवून चार प्रश्न विचारले असते, म्हणूनच बहुतेक टाळत असाव्यात. तुमचे इथले अनुभव मी रोज सकाळी चहासोबत वाचते आणि नवऱ्याला म्हणते, "घ्या, आज पुन्हा कोणाच्या तरी मामाला चकवा लागला!"

तर अशी मी. आणि तरीही आज लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट आहे जी मी स्वतःच्या कानांनी ऐकली. भर दुपारी. हजारो माणसांच्या गर्दीत. इतकी वर्षं झाली, पण नुसतं आठवलं तरी छातीत धडधडायला लागतं... भीतीनं नाही हो, काहीतरी वेगळंच. वाचा, म्हणजे कळेल.

गोष्ट नागपूरची, सत्तर सालाच्या आगेमागेची. मॅट्रिक तेव्हा अकरावीला होती. आम्ही इतवारीच्या मागच्या अंगाला विणकरांच्या मोहल्ल्यात राहायचो. घरोघरी हातमाग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेला बाप आणि दिवसभर खटक-खट, खटक-खट. आमच्याकडची तान्ही पोरं अंगाईनं नाही, मागाच्या आवाजानं झोपायची. बाबा लुगडी विणायचे. आई आणि मी कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचो. आणि माझा मोठा भाऊ मधुकर, आमचा मधूदादा, अभ्यास करायचा.

आमच्या घराण्यात मॅट्रिकपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. मोहल्ल्यातही नाही. दादा मात्र पहिलीपासून वर्गात पहिला. बाबांना त्याचं इतकं कौतुक की ओळखपाळख नसलेल्या माणसालाही सांगायचे, "माहा पोट्टा मागावर नाही बसणार." खाण्यापिण्यात आमची कधी चंगळ नव्हती, पण दादाला दूध वेगळं, कंदील वेगळा, बसायला खिडकीजवळची जागा वेगळी.

दादाच्या आवाजाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. सोळावं सरत आलं तरी त्याचा आवाज फुटला नव्हता. बारीक, उंच, शिट्टीसारखा. शाळेतले पोट्टे त्याला 'मधुबाई' म्हणून चिडवायचे. गल्लीच्या तोंडाशी सायकल वळली की तो तिथूनच मला हाक मारायचा — "कुसेऽऽऽ!" — आणि शेवटाला आवाज हमखास चिरकायचा. मी कुसुम. त्या चिरकण्यावर मी त्याला किती हसले असेन! तो आवाज मी कुठेही, कितीही गोंधळात ओळखला असता. हे एवढं ध्यानात ठेवा.

अकरावीचं वर्ष सुरू झालं आणि बाबांनी एक नियम काढला. दादाची शाळा सकाळची. दुपारी तो जेवून थोडा टेकायचा आणि चार वाजता अभ्यासाला बसायचा. तर चार वाजले की बाबा माग थांबवायचे. दिवे लागेपर्यंत बंद! चालता माग बंद ठेवणं म्हणजे काय असतं ते विणकराच्या घरचंच माणूस जाणे. मग शेजारच्या गोविंदाकाकांनीही बंद ठेवायला सुरुवात केली. हे आमच्या मोहल्ल्यातले वडीलधारे, पंच म्हणा ना. ते म्हणाले, "मधू एकट्याचा नाही गा, समद्या मोहल्ल्याचा हाय." झालं! त्यांच्यामागोमाग सगळ्यांचेच माग थांबू लागले. रेडिओ बंद. नळावरची भांडणं सुद्धा चारच्या आत उरकून घ्यायच्या बाया. चार वाजले की आमच्या खटखटत्या गल्लीत अशी शांतता पसरायची की कावळा बसला तरी लोक त्याला हाकलायचे, "हाड्! पोट्टा अभ्यास करून राहिला!"

तेव्हा मला फार भारी वाटायचं. माझा भाऊ म्हणजे कोण! पण पुढे शिक्षिका झाल्यावर याचा विचार केला आणि अंगावर काटा आला. अख्खा मोहल्ला तुमच्यासाठी श्वास धरून बसलाय, आणि तुम्ही भूमितीचं प्रमेय वाचताय... ते प्रमेय डोक्यात शिरेल का? आणि सगळं प्रेमापोटी चाललेलं, म्हणजे चिडायची पण सोय नाही.

दादा बदलत चालला होता. खिडकीत बसून तास तास एकच पान. नखं कुरतडून बोटं लाल केलेली. शाळेत निघायच्या आधी मोरीत जाऊन ओकायचा आणि तोंड धुऊन, केस विंचरून असा बाहेर यायचा की जणू काही झालंच नाही. आई म्हणायची पित्त असेल. तिने आवळ्याचा मुरंबा सुरू केला. टेन्शन हा शब्द तेव्हा आमच्या मोहल्ल्यात पोचलाच नव्हता हो. पोरगा वाळत चालला तर लोक म्हणायचे, "अभ्यास करून राहिला ना बिचारा."

आणि मग गुरुपौर्णिमा आली. शाळेत कार्यक्रम, सगळ्यांचे आईबाप बोलावलेले. आम्ही घरचे सगळे धुतलेले कपडे घालून गेलो. हेडमास्तरांनी दादाला स्टेजवर घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि माइकमधून म्हणाले, "हा मुलगा यंदा बोर्डात पहिला येणार! शाळेचं नाव काढणार! बोल बेटा, येशील ना पहिला?" आणि माइक दादाच्या तोंडासमोर धरला.

दादानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. ओठ हलले, गळ्याची घाटी वरखाली झाली... आवाज नाही! मी पहिल्या रांगेत होते, मला त्याचे डोळे दिसत होते. पाण्यात पडलेल्या मांजराचे असतात तसे.

आणि लोकांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या! हेडमास्तर म्हणाले, "पाहा, किती विनयशील मुलगा!" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून मधूदादा बोलायचा थांबला.

पहिल्या संध्याकाळी त्यानं पाटीवर लिहून दाखवलं, 'आवाज निघत नाही.' बाबांनी घाबरून त्याला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून घसा पाहिला, साफ होता. मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथेही तेच. घशात काही नाही, सगळं ठीक आहे, घरी जा. आता घशात काही नाही म्हटल्यावर बोलत का नाही? बाबांना कळेना. दादा पाटी पुढे करायचा, बाबा म्हणायचे, "डॉक्टर तं म्हंते काही नाही!" शेवटी दादानं पाटी पुसून कोनाड्यात ठेवून दिली. मग लिहिणंही बंद.

आणि इथे आमच्या मोहल्ल्यानं जी चूक केली ना... ती आमचा मोहल्लाच करू जाणे. एके संध्याकाळी गोविंदाकाका आले, दादाकडे खूप वेळ पाहत बसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "अबे, तुमाले समजत कसं नाही? पोट्ट्यानं मौन धरलं हाय! मॅट्रिक होईपर्यंत मौनव्रत!"

बाबांचा चेहरा असा काही उजळला म्हणून सांगू! इतक्या दिवसांचं ओझं उतरलं त्यांच्या डोक्यावरून. दुसऱ्या दिवशी सगळ्या इतवारीत बातमी. कोष्ट्याचा मधू मुनीसारखा मौन धरून अभ्यास करतोय! आया आपापल्या पोरांच्या पाठीत धपाटे घालू लागल्या, "पाह्य तो मधू! आन् तुहं तोंड चालूनच राहिलं!" एक बाई तर तिच्या गणितात नापास होणाऱ्या पोराला घेऊन आली आणि दादाला म्हणाली, "बाप्पा, याच्या डोस्क्यावर हात ठेव." दादानं ठेवला. काय करणार? नाही म्हणायला आवाज कुठे होता?

हसू येतं ना? मलाही येतं. मग त्याचे ते डोळे आठवतात आणि हसू तिथेच विरतं.

एकटी आई खूश नव्हती. ती कांड्या भरता भरता मला म्हणायची, "व्रत करनारा मानूस उपास सोडल्यावर जेवतो तरी वं. हा जेवत काहून नाही?" पण तिचं कोण ऐकतो?

श्रावणातला एक रविवार. दादा दुपारी सायकल घेऊन बाहेर पडला तो चार वाजले तरी आला नाही. गल्ली शांत झाली, खिडकी रिकामी. संध्याकाळी आला तेव्हा पायजमा कमरेपर्यंत ओला आणि चपलांना चिखल. आई घाबरली. "कुठं गेल्ता रे? पडला का?" दादा नुसता उभा. तेवढ्यात गोविंदाकाका ओट्यावरून म्हणाले, "काही नाही वयनी. व्रतात पान्यात उभं राहून जप करा लागते. नदी-तलावावर जाऊन आला असन." बाबांनी मान डोलावली. आईनं त्याचे पाय पुसले. पुसता पुसता मध्येच थांबून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, ते मला अजून दिसतं.

मग पोळा आला. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेढे घराबाहेर दूर नेऊन फेकायचे आणि ओरडायचं, "इडापिडा, खासी-खोकला, ढेकूण-मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" आणि त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, बांबू-कागदाच्या प्रचंड बाया, आणि सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना जे जे छळतं त्याचे पुतळे. सगळ्या शहराची पीडा घेऊन त्या गावाबाहेर जातात. ज्याला जे नको असेल ते त्यानं ओरडून द्यायचं. फुकट! त्या दिवशी नागपूरकर जेवढं मोकळं ओरडतो तेवढं वर्षभरात कधी ओरडत नाही.

त्या सकाळी आईनं मेढे फेकले आणि घरी येऊन बाबांना म्हणाली, "आज पोट्ट्याले मारबत दाखवाले नेऊ."

"त्याचा अभ्यासाचा दिवस बुडन," बाबा म्हणाले.

"बुडू द्या. काय असन त्याच्या अंगात ते घेऊन जाईन माय."

"व्रत हाय त्याचं!"

"तुमचं असन व्रत," आई म्हणाली. आई अशी कधी बोलायची नाही. बाबा टोपी घालून गुपचूप निघाले.

चौकात काय गर्दी, बापरे! माड्या, छपरं, सायकलींचे कॅरिअर — जिथे पाय ठरेल तिथे माणूस. संदलच्या ढोलताशांचा कल्लोळ, गुलाल, शिट्ट्या. एका दुकानाच्या बंद फळ्यांना पाठ लावून आम्ही चौघं उभे होतो. बाबा, मग आई, मग दादा, मग मी. गर्दीत हरवू नये म्हणून दादानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. दोन्ही मारबती समोरासमोर आल्या आणि लोकांना ऊत आला. ओरडा सुरू!

"महागाई घेऊन जाय गे मारबत!"

"रॉकेलची लाइन घेऊन जाय गे मारबत!"

"माही सासू घेऊन जाय गे मारबत!" आणि हशा.

मीही बेंबीच्या देठापासून ओरडत होते. आई पदराचं टोक तोंडात धरून पुटपुटत होती. आणि तेवढ्यात... समोरून, काळ्या मारबतीच्या पायाशी जिथे सगळ्यात दाट रेटारेटी होती तिथून, एक बारीक उंच आवाज आला.

"पयला नंबर घेऊन जाय गे मारबतऽऽ!"

शेवटाला चिरकला.

लोक हसले. पहिला नंबर कोण देऊन टाकतो? पण मी ओरडायची थांबले. तो दादाचा आवाज होता! मी झटकन वर पाहिलं. दादा माझ्या शेजारी होता. माझं मनगट त्याच्या हातात होतं. त्याचे ओठ मिटलेले होते, घट्ट, रेषेसारखे. आणि तो समोर गर्दीकडे पाहत होता, अगदी माझ्यासारखाच चकित होऊन.

आईनं पुटपुटणं थांबवलं होतं. बाबांनी मान वळवली.

पुन्हा आला. तिथूनच.

"चार वाजताची शांती घेऊन जाय गे मारबतऽऽ!"

आता सांगा! चार वाजताची शांतता त्या चौकात कोणाला माहीत? आमच्या गल्लीपलीकडे कोणाला तिच्याशी काय घेणंदेणं? या वेळी कोणी हसलंही नाही, कारण कोणाला काही कळलंच नाही. पण बाबांच्या तोंडाचा रंग उडाला. त्यांनी दादाकडे पाहिलं, त्याच्या ओठांकडे पाहिलं, पुन्हा गर्दीकडे पाहिलं. माझ्या मनगटावर दादाची बोटं रुतली होती, पण मला दुखत नव्हतं. मला काय वाटत होतं सांगू? नाचावंसं वाटत होतं! कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकत होते मी. कुठूनही येवो, पण आला होता.

मग तिसऱ्यांदा. या वेळी लांबून, कारण मारबत पुढे सरकली होती.

"अंबाझरीचं पानी घेऊन जाय गे मारबतऽऽऽ!"

आणि मिरवणूक वळली. संदलचा गोंगाट त्या आवाजावरून गेला आणि तो बुडाला.

बाबा आईच्या पुढून गर्दी सारत दादासमोर आले. दादाचे दंड धरले. ओरडून विचारलं, पण ते रागावलेले नव्हते. "त्या रविवारी अंबाझरीच्या तलावावर गेल्ता तू?"

दादानं मान हलवली. हो.

"पान्यात उतरला होता?"

हो.

"जप कराले?"

दादानं आधी आईकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

मंडळी, मी तेव्हा चौदा वर्षांची होते. त्या 'नाही'चा अर्थ मला तिथल्या तिथे कळला. आमच्या घरात, एका खोलीत, माझ्या शेजारच्या चटईवर झोपणारा माझा भाऊ कमरेएवढ्या पाण्यातून परत आला होता, आणि आम्ही सगळे त्याला मुनी म्हणत होतो! आई दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि दादाला ओढून तिनं मांडीवर घेतलं. एवढा मोठा घोडा, पण घेतलं. "चुलीत गेला तुमचा नंबर," ती रडत बाबांना म्हणाली, "चुलीत गेली मॅट्रिक. मले माहा मधू पाहिजे. बिनाबोलता पाहिजे, नापास पाहिजे, कसाही पाहिजे."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "चाला घरी. माग लावतो."

सणाच्या दिवशी आमच्याकडे मागाला हात लावत नाहीत. पण घरी येऊन बाबा खड्ड्यात उतरले. दादा सवयीनं खिडकीत जाऊन बसला, पुस्तक उघडून. चार वाजायच्या बेताला गल्ली शांत व्हायला लागली. आणि बरोबर त्याच वेळी आमच्या घरातून आवाज उठला — खटक-खट, खटक-खट!

गोविंदाकाका धावत आले. "अरे, चार वाजले ना गा! पोट्ट्याचा अभ्यास!"

"वाजू द्या," बाबा मान वर न करता म्हणाले. "तुमचाही रेडिओ लावा. जोरात लावा." काका दारात उभे राहिले, मग परत गेले. थोड्या वेळानं खरंच पलीकडून रेडिओ लागला. मग समोरच्या बायांचं भांडण सुरू झालं, तुंबलेलं होतं बहुतेक. खूप दिवसांनी आमची गल्ली गल्लीसारखी वाजायला लागली. बाबा विणत होते, पण त्यांना दिसत काही नव्हतं. डोळे भरलेले, धोटा नुसता सवयीनं इकडून तिकडे जात होता.

आणि मग खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "बाबा, धागा तुटला."

मी कांडी हातातून टाकली. तो आवाज जाड होता. खोल, खरखरीत, पुरुषाचा. मला क्षणभर वाटलं दारात कोणी परका माणूस आलाय.

"उजव्या बाजूले पाहा. ताण्यातला धागा तुटला," तो आवाज पुन्हा म्हणाला. दादाच होता. पुस्तक खाली ठेवून, मागाकडे बोट दाखवत.

बाबांनी पाहिलं. खरंच तुटला होता. त्यांनी तो धागा जोडायला घेतला, पण भरल्या डोळ्यांना टोकच दिसेना, गाठ काही बसेना. शेवटी दादा उठून गेला, बाबांच्या शेजारी वाकला आणि त्यानं गाठ मारली. बाबांनी त्याचा हात धरून ठेवला तो सोडलाच नाही. आई चुलीपाशी उभी राहून हसत होती की रडत होती, मला ठरवता आलं नाही.

दादाचं मौन सुटलं म्हणून मोहल्ल्यात थोडी हळहळ झाली. गणितात नापास होणाऱ्या पोराची आई तर रुसलीच. दादा मॅट्रिक झाला, सेकंड क्लासमध्ये. हेडमास्तर पुन्हा कधी त्याच्याकडे पाहून हसले नाहीत. पुढे तो एसटीत कंडक्टर लागला आणि त्याच्या त्या जाड आवाजानं "पुढं सरका!" म्हटलं की बसच काय, रस्ता पुढे सरकायचा. आता रिटायर आहे. फोन केला की ठेवत नाही, मला भाजी करपल्याचं कारण सांगावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आवाज फुटायचं वयच होतं ते, फुटला. कबूल! मी स्वतः वर्गात शिकवलंय. पण एका दुपारी बारीक आवाज चौकात ऐकू यावा आणि त्याच संध्याकाळी जाड आवाज घरात? तो चिरकणारा आवाज त्यानंतर आम्ही कधी म्हणजे कधीच ऐकला नाही. मारबतीसोबत गेला तो गेलाच. दुसरं कोणी पोरगं ओरडलं असेल म्हणता? पहिला नंबर ठीक आहे, चार वाजताची शांतता पण मोहल्ल्यातल्या एखाद्या टारगटाला सुचली असेल. पण अंबाझरी? तिथे दादा गेला होता हे तर दादाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं! दादाच तोंड मिटून ओरडला म्हणता? मी त्याच्या ओठांकडे पाहत होते हो. आणि आवाज समोरून येत होता, रस्त्याच्या पलीकडून. प्रतिध्वनी, भास, सामूहिक भ्रम... सगळं तपासून झालं. आई, बाबा आणि मी, तिघांनी तेच शब्द ऐकले होते. तिघांना एकच भास होतो, हे कुठल्या पुस्तकात शिकवायचं?

दादाशी मी याबद्दल कधी बोलले नव्हते. मागच्या वर्षी धीर करून फोनवर विचारलं, "दादा, त्या दिवशी चौकात... तो तू होतास का रे?"

दादा म्हणाला, "मी नाही वं ओरडलो, कुसे. पन आवाज माहाच होता. लोकाले भेव वाटलं असतं. मले नाही वाटलं. मले वाटलं... चाला, बोललं बाप्पा कोनीतरी." आणि लगेच आंब्याच्या लोणच्यावर घसरला.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तेव्हा नव्हतं, आता नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी भांडायला तयार आहे. दर वर्षी मी मारबतीला जाते आणि त्याच दुकानाच्या फळ्यांना पाठ लावून उभी राहते. नवरा म्हणतो, गुडघे दुखतात तुझे, कशाला? यंदा ऐन गर्दीत मागून एक बारीक आवाज आला — "नव्वद टक्के घेऊन जाय गे मारबतऽऽ!"

मी गर्रकन वळले. शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी होती, दोन वेण्यांची, आईच्या कमरेला हात घालून उभी. मी सगळ्यात आधी तिच्या ओठांकडे पाहिलं.

हलत होते. तीच ओरडत होती... आणि तिची आईही तिच्यासोबत.